नाकावरचं इंजिनिअरिंग

मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला एकदा मान वर करून बघा. जिकडे तिकडे चष्मे! वरणाची वाफ आली की काचा धूसर, मग शर्टाच्या टोकाने (होय, टोकानेच) पुसायच्या आणि जेवण पुढे चालू. दिवसाचे चौदा-पंधरा तास जी वस्तू आपण अंगावर बाळगतो, तिच्याबद्दल आपल्याला माहिती किती? मोबाईलचा प्रोसेसर पाठ असतो, बाईकचा ॲव्हरेज तोंडावर असतो, पण "तुझी फ्रेम कशाची आहे रे?" असं विचारलं तर उत्तर एकच, "काळी आहे."

मी जालन्यात नवीन चष्मा करायला गेले तेव्हा दुकानदार काकांनी दोन फ्रेम समोर ठेवल्या. दिसायला जवळपास सारख्या. एक साडेचारशेची, दुसरी अकरा हजाराची.

"काका, एवढा फरक कशाचा?"

"बेटा, ही टायटॅनियम आहे."

"आणि ही?"

"ही मेटल."

आता टायटॅनियम हे काय लाकूड आहे का? पण काकांचा दोष नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून दुकानदार सांगत नाही. अकरा हजारातले किती रुपये धातूचे, किती डिझाईनचे आणि किती नुसत्या नावाचे, हे शोधायला मी लायब्ररीत आणि वर्कशॉपमध्ये बराच वेळ घालवला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

उंची चष्म्याची गोष्ट सुरू करायची तर थेट मोगलांपासून करावी लागते. २०२१ साली सदबीज या लिलाव कंपनीने दोन चष्मे लोकांसमोर आणले. एकाच्या काचा हिऱ्याच्या आणि दुसऱ्याच्या पाचूच्या! सतराव्या शतकातल्या कुणा मोगल राजपुत्रासाठी हे दगड कापले गेले असावेत, असे जाणकारांचे म्हणणे. हिऱ्याची जोडी मिळून २५ कॅरेट, पाचूची ४३ कॅरेट. हिरा गोवळकोंड्याकडचा आणि पाचू थेट दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाचा. फ्रेम मात्र नंतरची, १८९० च्या सुमाराची. म्हणजे आपल्या दख्खनचा हिरा आणि समुद्रापलीकडचा पाचू, दोघांनाही एकाच घरात नाकावर बसवलं होतं. पण इंजिनिअरच्या नजरेने बघा. दोन्हीचे दगड सपाट कापलेले. भिंगासारखी वक्रता नाही, म्हणजे पॉवर शून्य. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२. त्याला नीट वक्रता दिली असती तर जगातलं सगळ्यात पातळ भिंग झालं असतं! पण तो चष्मा बघण्यासाठी नव्हताच. पाचूतून पाहिलं की डोळ्यांना शांती मिळते आणि हिऱ्यातून पाहिलं की ज्ञानाचा प्रकाश मिळतो, अशी समजूत होती.

याच्या अगदी उलट उदाहरण २०२० चे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या एका लिलावघराच्या टपालपेटीत कुणीतरी साध्या पाकिटात एक जुना गोल चष्मा टाकून गेला. सोन्याचा मुलामा दिलेली नाजूक फ्रेम, बाकी विशेष काही नाही. तो गांधीजींचा निघाला आणि २ लाख ६० हजार पौंडांना गेला. त्यात धातूची किंमत किती म्हणाल? जवळजवळ काहीच नाही. चष्म्याची किंमत कधी दगडाची असते, कधी नाकाची, हे यातून कळलं. आपल्याला ज्यात रस आहे ती मात्र तिसरी किंमत, कामाची.

जालन्याबद्दल जुनी म्हण आहे, "जालना, सोने का पालना." तर सोन्यापासूनच सुरुवात करू. सोन्याची फ्रेम म्हणजे श्रीमंतीची खूण. पण मटेरियल म्हणून सोनं चष्म्याला फार बरं नाही. टायटॅनियमची घनता ४.५, तर १८ कॅरेट सोन्याची साधारण १५.५. दोन ग्रॅमची टायटॅनियमची फ्रेम तशीच्या तशी १८ कॅरेट सोन्यात केली तर ती सात ग्रॅमच्या घरात जाते, आणि ते सगळं वजन नाकाच्या दोन छोट्या पॅडवर येतं. शिवाय सोनं मऊ. एकदा वाकलं की वाकलंच. म्हणून जुन्या काळी "रोल्ड गोल्ड" वापरायचे. आत स्वस्त मिश्रधातू आणि वर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला. कुणाकुणाच्या आजोबांच्या पेटीत असा चष्मा अजून सापडेल.

आपल्यापैकी बहुतेकांच्या "मेटल" फ्रेममध्ये मोनेल असतो, म्हणजे निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू. वाकवायला सोपा, झाळायला सोपा, स्वस्त. पण घाम लागला, वरचा थर उडाला की नाकाजवळ हिरवा मळ साचतो. तो मळ म्हणजे गंजलेलं तांबं. काही जणांना निकेलची ॲलर्जीही असते, नाकावर आणि कानामागे लाल चट्टे उठतात. आमच्या विंगमध्ये एकीला हा त्रास दोन वर्षे होता आणि ती बिचारी साबण बदलत बसली होती.

आता टायटॅनियम. पोलादाच्या जवळपास निम्म्या वजनाचा, घामाने न गंजणारा, कातडीला न चावणारा. पण खरी गंमत त्याच्या लवचिकतेत आहे. सेकंड इयरचं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स आठवा. (ज्यांचा विषय राहिलाय त्यांनीही आठवा.) एखादी काडी किती वाकवली तरी परत सरळ होते, हे यील्ड स्ट्रेंग्थ भागिले यंग्ज मोड्युलस यावर ठरतं. पोलादाचा मोड्युलस २०० गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियमचा ११० च्या आसपास. म्हणजे यील्ड सारखी धरली तर टायटॅनियमची काडी जवळपास दुप्पट वाकून जागेवर येते. त्यात व्हॅनेडियमसारखे धातू मिसळून बीटा टायटॅनियम केला की ती आणखी लवचिक होते. निकेल आणि टायटॅनियमचा निटिनॉल तर पिळून बोटाला गुंडाळला तरी पुन्हा सरळ. दुकानात ज्या फ्रेमची "वाकवून बघा" म्हणून जाहिरात करतात ती हीच.

मग इतका चांगला धातू महाग का? तो दुर्मिळ आहे म्हणून? मुळीच नाही. पृथ्वीच्या कवचात टायटॅनियम भरपूर आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत जे इल्मेनाइट असतं, त्यात टायटॅनियमच आहे. फ्रेमला धातू लागतो तरी किती, पंधरा-वीस ग्रॅम. महाग आहे ते त्याला वठणीवर आणणं. आपल्या एमआयडीसीत भंगार भट्टीत टाकून वितळवतात, बिलेट काढतात, तिचे बार ओढतात. हे टायटॅनियमला चालत नाही. तो १६६८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि तापला की हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन ओढून घेतो आणि ठिसूळ होतो. म्हणून वितळवायचा तर निर्वातात आणि जोडायचा तर आर्गॉनच्या वातावरणात. कापताना उष्णता बाहेर पडत नाही, टूल जळतं. साच्यात दाबताना साच्यालाच चिकटतो. म्हणजे अकरा हजारातला एक मोठा हिस्सा या कटकटीचा आहे, आणि तो हिस्सा मला मान्य आहे. भारतात वाळूपासून टायटॅनियम स्पंज करणारा कारखाना केरळात चवरा इथे २०११ मध्ये सुरू झाला, पण तो मुख्यतः अवकाश कार्यक्रमासाठी. चष्म्याचा नंबर कधी लागेल देव जाणे.

टायटॅनियमची फ्रेम करण्याची कला ज्या गावाने जगाला दिली त्याचे नाव साबाए. जपानच्या फुकुई प्रांतातलं. १९८० च्या दशकात तिथल्या कारखान्यांनी टायटॅनियम फ्रेम बाजारात आणली. आज जपानमधल्या ९० टक्क्यांहून जास्त फ्रेम त्याच भागात होतात. पण मला आवडली ती त्याच्या आधीची गोष्ट. फुकुई हा शेतीचा मुलूख. हिवाळ्यात बर्फ पडलं की शेत बंद आणि हाताला काम नाही. १९०५ साली मासुनागा गोझाएमोन नावाच्या माणसाने ओसाकाहून चष्म्याचे कारागीर बोलावले आणि गावातल्या पोरांना शिकवायला बसवले. गटागटाने काम वाटून दिलं, गटांमध्ये चुरस लावली, आणि तयार झालेल्या गटांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. बर्फ आणि दुष्काळ यांत फरक आहे, मान्य. पण मंठा, घनसावंगीकडून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या बघितल्या की मला हा फुकुईचा माणूस आठवतो. त्याने शोध कसलाच लावला नव्हता. चष्म्याला जागा कमी लागते, माल थोडा लागतो आणि हातांना काम पुष्कळ मिळतं, एवढं त्याने ओळखलं.

डिझाईनचं म्हणाल तर मला सगळ्यात भारी वाटला तो डेन्मार्कचा लिंडबर्ग. पॉल-यॉर्न लिंडबर्ग हे चष्मे विकणारे ऑप्टिशियन. रोज लोकांच्या तक्रारी ऐकायचे, स्क्रू पडला, झाळ सुटली, नाकावर वळ उठला. १९८० च्या दशकात त्यांनी हान्स डिसिंग या वास्तुशिल्पज्ञाबरोबर "एअर टायटॅनियम" नावाची फ्रेम केली. तीत स्क्रू नाही, रिव्हेट नाही, झाळ नाही. टायटॅनियमची तारच वळवून बिजागरी केलेली. जी वस्तू तुटते ती मजबूत करण्याऐवजी ती वस्तूच काढून टाकली! आमचे वर्कशॉपचे सर नेहमी म्हणतात, जो पार्ट नाही तो बिघडत नाही. या कंपनीच्या सगळ्यात हलक्या फ्रेमचं वजन २ ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे दोन शेंगदाणे. किंमत मात्र आपल्या सेमिस्टरच्या मेस बिलाशी स्पर्धा करणारी.

आता याच कल्पनेचे दुसरे टोक बघा. जर्मनीतल्या एर्लांगन गावचे शिक्षक मार्टिन आउफमुथ यांनी २०१२ च्या सुमारास "एक डॉलरचा चष्मा" सुरू केला. स्प्रिंग स्टीलची तार आणि ती हाताने वाकवायचे एक छोटे यंत्र, जे एका लाकडी पेटीत मावतं आणि ज्याला वीज लागत नाही. तयार पॉलीकार्बोनेटची भिंगं फ्रेममध्ये नुसती दाबून बसवायची. एका चष्म्याच्या मालाचा खर्च साधारण एक डॉलर. इथेही तारच वळवलेली आहे आणि झाळ नाही. लिंडबर्गची फ्रेम आणि ही फ्रेम शेजारी ठेवल्या तर त्या चुलत बहिणी वाटतील. एकीत टायटॅनियम, दुसरीत पोलाद. पोलाद तर आपल्या गावाचं! जालन्याची सळई महाराष्ट्रभर जाते. सळई आणि स्प्रिंगची तार एक नव्हे, ग्रेड वेगळी, ओढण्याची पद्धत वेगळी. पण तार वाकवायचं जिग बनवणं हा फायनल इयरचा प्रोजेक्ट होऊ शकत नाही का? दरवर्षी तीच ती सोलर गवतकापणी यंत्रं बघून परीक्षकही कंटाळले असतील.

काळ्या, जाड फ्रेमवाल्यांनी आता कान द्यावेत. तुमची फ्रेम बहुतेक प्लास्टिकची आहे, पण प्लास्टिक-प्लास्टिकात फरक असतो. महागड्या डिझायनर फ्रेम ज्याच्या असतात ते सेल्युलोज ॲसिटेट. आणि ते येतं कुठून? कापसातून आणि लाकडाच्या लगद्यातून! जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते तिला लिंटर म्हणतात. ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तिच्यावर ॲसेटिक ॲनहायड्राइडची क्रिया केली की ॲसिटेट. म्हणजे भोकरदन-बदनापूरच्या शेतातल्या बोंडाचं आणि इटलीतल्या फ्रेमचं मूळ एकच. इटलीत माझुकेल्ली नावाची कंपनी १८४९ पासून आहे. सुरुवात कंगव्यांनी आणि बटणांनी केली, आज ॲसिटेटच्या पत्र्यांत तिचं नाव मोठं. रंगीत थर एकमेकांवर दाबून पत्रा करतात, त्यातून सीएनसी मशीनवर फ्रेम कोरतात, आणि मग लाकडाच्या चिपा भरलेल्या पिंपात कित्येक तास, कधी कधी काही दिवस, घोळवतात. चकाकी येते ती या घोळण्याने, वार्निशाने नव्हे. उलट स्वस्त फ्रेम म्हणजे इंजेक्शन मोल्डिंग. साच्यात वितळलेलं प्लास्टिक मारलं, काही सेकंदांत फ्रेम बाहेर, वरून रंग. ओळखायची खूण सोपी. बिजागरीजवळ रंगाचा पोपडा निघत असेल तर रंग वरचा आहे. ॲसिटेटमध्ये रंग आरपार असतो.

स्वस्त म्हणून सगळं वाईट, असंही नाही हं. टीआर-९० नावाचं नायलॉनचं प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगनेच होतं, पण हलकं आणि चिवट. होस्टेलमध्ये गादीवर चष्मा ठेवून त्यावरच बसणाऱ्यांना याहून चांगलं मटेरियल नाही. ॲसिटेट मात्र उष्णतेने मऊ होतं. म्हणून तर दुकानदार गरम करून काड्या वाकवून देतो. आणि म्हणूनच आपल्या मे महिन्यात उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती फ्रेम ठेवू नये.

ॲसिटेट यायच्या आधी हा मान कासवाच्या पाठीचा होता. तपकिरी-पिवळे ठिपके असलेली फ्रेम तुम्ही पाहिली असेल, तो रंग समुद्रातल्या हॉक्सबिल कासवाच्या कवचाची नक्कल आहे. खऱ्या कवचापायी ही जात संपत आली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. शिंगाच्या फ्रेम मात्र आजही होतात, म्हशीच्या शिंगाच्या. केराटिन असतं ते, आपल्या नखासारखं. थर कापून, उष्णतेने दाबून, घासून करतात आणि प्रत्येक फ्रेमवर रेघा वेगळ्या. पंढरपुरी म्हशीची ती लांबच लांब शिंगं आठवली आणि म्हटलं, हिच्या डोक्यावर केवढ्याची इस्टेट आहे हे मालकाला कुणीतरी सांगायला हवं!

राहिली नावाची किंमत. प्राडा, शनेल, व्हर्साची ही नावं कपड्यांच्या आणि पर्सच्या घराण्यांची. त्यांचे चष्मे बनवते एकच कंपनी, एसिलोर-लक्सॉटिका. लिओनार्दो देल वेक्कियो यांनी १९६१ साली इटलीतल्या आगोर्दो गावात लक्सॉटिका काढली, १९९९ मध्ये रे-बॅन घेतलं, २००७ मध्ये ओकली घेतलं आणि २०१८ मध्ये भिंगं बनवणाऱ्या फ्रेंच एसिलोरशी विलीनीकरण झालं. फ्रेमही त्यांची, भिंगही त्यांचं आणि बऱ्याच देशांत दुकानही त्यांचंच. आता तर मेटाबरोबर कॅमेरावाले रे-बॅन आलेत, २०२५ पासून भारतातही. तेव्हा काडीवर कोरलेल्या अक्षरांसाठी पैसे द्यायचे तर खुशाल द्या, पण ते अक्षरांसाठी देतोय हे माहीत असू द्या.

एक हिशोब मात्र सगळ्यांनी करावा, कारण तो खिशाशी संबंधित आहे. मायनस नंबरवाल्यांना दुकानात हमखास सांगतात, "काच जाड होईल, हाय इंडेक्स घ्या." सूत्र साधं आहे. भिंगाच्या मध्यापेक्षा काठाची जादा जाडी म्हणजे साधारणपणे अर्ध्या रुंदीचा वर्ग, गुणिले पॉवर, भागिले (अपवर्तनांक वजा १) ची दुप्पट. नंबर मायनस ४ धरा, साधं सीआर-३९ प्लास्टिक म्हणजे अपवर्तनांक १.५. भिंग ६० मिलिमीटर रुंद असेल तर काठ ३.६ मिलिमीटरने जाड. आता महाग १.६७ चं भिंग घ्या, तो होतो २.७. आणि भिंग तेच साधं ठेवून फ्रेमच ५० मिलिमीटरची घेतली तर? २.५! म्हणजे हजारो रुपयांचं काम छोट्या फ्रेमने फुकट केलं. वर्ग कुणाचा आहे ते बघा, रुंदीचा. म्हणून मोठ्या नंबरवाल्यांनी मोठ्या चौकोनी फ्रेमच्या फॅशनपासून लांब राहावं आणि बाहुल्या बरोबर भिंगाच्या मध्यावर येतील अशी फ्रेम निवडावी. (नंबर ८-१० असेल तर दोन्ही करा, छोटी फ्रेमही आणि हाय इंडेक्सही.)

हे सगळं लिहिताना डोळ्यासमोर माझी आजी होती. तिचा चष्मा एका काडीने आणि एका दोऱ्याने चालतो. दोरा कानाला अडकवते आणि सुई ओवायला माझ्याकडे देते. चाळिशीचा चष्मा ही चैन नाही, याला आता आकड्याचा आधार आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची क्षमता, न दिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. मग कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या आपल्या बायांचं काय? आपल्या जिल्ह्याचं त्या बाबतीत नशीब बरं, महिकोच्या बद्रीनारायण बारवाले यांनी उभं केलेलं श्री गणपती नेत्रालय जालन्यातच आहे. पण डोळे तपासून नंबर हातात मिळाला तरी चष्मा "पुढच्या बाजाराला करू" म्हणून राहतोच. आणि पोरीला चष्मा लागला तर तो बघण्याच्या कार्यक्रमात पर्समध्ये जातो, हे तर तुम्हाला मी सांगायला नको. शाळेत "ढापणी" म्हणून चिडवलेलं ज्यांना आठवतं त्यांना चष्मा सुंदर का हवा, हे कुठल्याही डिझायनरपेक्षा जास्त कळतं. दिसायला चांगली असली तरच पोरगी फ्रेम घालेल आणि घातली तरच तिला फळा दिसेल.

आता हातातलं मासिक खाली ठेवून चष्मा काढा आणि काडीच्या आतल्या बाजूला बघा. बारीक अक्षरात तीन आकडे दिसतील, उदाहरणार्थ ५२-१८-१४०. पहिला भिंगाची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. चष्मा सारखा घसरत असेल तर मधला आकडा तुमच्या नाकाला मोठा आहे, कानामागे टोचत असेल तर तिसरा लहान. नवीन घेताना दुकानात रंगाआधी हे आकडे विचारा. "टायटॅनियम" म्हणून विकत असतील तर काडीवर किंवा पुलावर तसं कोरलेलं आहे का बघा, आणि संपूर्ण फ्रेम टायटॅनियमची की नुसत्या काड्या, हेही विचारा. मी विचारलं होतं. अकरा हजाराच्या त्या फ्रेमच्या काड्या टायटॅनियमच्या होत्या, पुढचा भाग मोनेलचा. मी टीआर-९० ची घेतली, ४९-१८-१३५, काळी.